टाका ओळखणारी माणसं

मी भित्री आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला चुकून मी धीराची बाई वाटायला नको. गॅस बंद केलाय ना, हे बघायला मी जिना उतरून परत वर येते. पाल दिसली की मी खोली बदलते. आमचे हे म्हणतात, हिला घाबरायला साप लागत नाही, दोरी पुरते. सांगलीत माझ्या भित्रेपणाची सगळ्यांना सवय झाली आहे, त्यामुळे तो खपून जातो.

तरीही गेल्या मार्गशीर्षात मी एकटी हिंगोलीला जाऊन आले. गेली वीसेक वर्षं मी सिनेमा आणि मालिकांमधल्या बायकांविषयी लिहीत आले आहे. त्या अशा का रडतात, अशा का नाचतात, त्यांना असं कोण दाखवतं, आणि ते बघणाऱ्या बायकांना काय वाटतं, हे माझे विषय. माझी जुनी विद्यार्थिनी वैशाली लग्न होऊन हिंगोलीत गेली आणि तिथेच एका कचेरीत नोकरीला लागली. ती एकदा फोनवर म्हणाली, "मॅडम, तुम्ही बघणाऱ्या बायकांवर लिहिता, पण त्या सगळ्या तुमच्या गल्लीतल्याच. इकडे या की एकदा." हे मला लागलं, कारण ते खरं होतं.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते. पुढे ज्या बंजारा तांड्याविषयी लिहिलं आहे त्याचं नाव, तिथल्या बायकांची नावं आणि वाटेवरच्या खुणा मी बदलल्या आहेत. एका व्हिडिओचं वर्णन येईल, तेही थोडं फिरवलं आहे. असं करण्याची अक्कल मला तिथेच आली, आणि जरा उशिराच आली.

हिंगोली

वैशालीच्या सासरी देवळाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. सासरे संध्याकाळची आरती आटोपून घरी आले की टीव्ही लागतो. आमच्याकडे मालिका चालू असताना कुणी बोललं तर "शू" करतात. इथे न बोलणारं माणूस आजारी समजतात. वैशालीच्या सासूबाई मेथी निवडता निवडता पडद्यावरच्या खलनायिकेला थेट जाब विचारत होत्या. "काहून गं, सुनेच्या दुधात काय टाकून राहिलीस? तुला दुसरा धंदा न्हाई?" सासरे म्हणाले, "तिला ऐकू येत नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "तुमाला तरी कुठं येतं?"

रात्रीच्या जेवणात येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी होती. येसर म्हणजे डाळी-धान्यं भाजून केलेलं मसाल्याचं पीठ. आमच्या सांगलीच्या कांदा-लसूण चटणीवर वाढलेल्या जिभेला आमटी आधी सौम्य वाटली, आणि तिसऱ्या घासाला मी दुसरी वाटी मागितली.

शिरड शहापूर

दुसऱ्या दिवशी वैशालीला रजा नव्हती, म्हणून मी एकटीच एसटीने शिरड शहापूरला निघाले. तिथली अंगणवाडीची ताई पाच-सहा बायका जमवणार होती. गाडीत समोरच्या बाकावरचा टोपीवाला माणूस सारखा वळून माझ्याकडे बघत होता. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खिडकीकडे तोंड केलं. चौथ्यांदा बघितलं तेव्हा मला घाम फुटला. शेवटी मी सरळ एक थांबा आधीच उतरले. तर तोही उतरला! दोन्ही बाजूंना तूर, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि मागून हाक, "ओ बाई, ओ बाई!" मी जवळजवळ पळतच सुटले. त्याने मला गाठलं तेव्हा त्याच्या हातात माझं चष्म्याचं घर होतं. बाकाखाली पडलं होतं, आणि चालत्या गाडीत परक्या बाईला हाक कशी मारावी म्हणून तो इतका वेळ अवघडला होता. बिचारा पुढच्या गाडीची वाट बघत तिथेच उभा राहिला. मला इतकी लाज वाटली की मी त्याला धड धन्यवादही म्हटले नाहीत.

ही गोष्ट मी अंगणवाडीच्या ताईकडे सांगितली तेव्हा बायका पोट धरून हसल्या. मग एक जण हसायची थांबली. ती कापूस वेचून आलेली, साधारण चाळिशीची. "हासू नका," ती म्हणाली. "बाईंमागं आलेला मानूस चांगला निघाला. शिणेमात हिरो पोरीमागं फिरते, गाणं म्हनते, आन्‌ शेवटी ती हसते. माझ्या पोरीमागं स्टँडपासून एक जन येते. त्यो बी सोत्ताला हिरोच समजून राहिला. पोरीनं बारावीचा क्लास सोडला."

वीस वर्षं मी जे लेखातून सांगत होते ते तिने पाच वाक्यांत सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं आणि वर तारीख टाकली. तेव्हा मला फार आनंद झाला होता, आणि तिच्या मुलीचं पुढे काय झालं हे विचारायचं मी विसरले. आता आठवतं तेव्हा वाईट वाटतं.

सेनगावची जीप

तिसऱ्या दिवशी वैशालीने रजा काढली. सेनगावच्या स्टँडवरून आम्ही तांड्याकडे जाणारी जीप धरली. नऊ माणसांच्या जागेत आम्ही चौदा जण. चालवणारा तिशीचा, नीटनेटका, तांड्यातलाच. त्याला इथे विलास म्हणते. ज्या धुरपताबाईंच्या घरी आम्ही निघालो होतो, त्यांचाच हा धाकटा मुलगा. मोठा मुलगा पुण्याकडे कामाला, आणि त्याची बायको अनिता सासूजवळ. वैशालीची आणि धुरपताबाईंची बचत गटाच्या कामामुळे ओळख होती.

जीपमध्ये एकच गाणं तीनदा वाजलं. हिंदी सिनेमातलं. आरशांची चोळी घातलेली, घागरा गरगर फिरवणारी, डाकूंच्या मध्ये नाचणारी बाई ज्यात असते ना, त्या जातीचं. विलास स्टिअरिंगवर ताल धरत होता.

मग गाणं संपल्यावर त्याने शेजारच्या पोराला स्वतःच्या मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. मी मागून मान लांब केली आणि चमकले. तो व्हिडिओ माझ्या फोनमध्येही होता! गेले दोन महिने मी त्या अनोळखी बाईचे व्हिडिओ जमवत होते. नाव नाही, गाव नाही, तिचा स्वतःचा आवाज नाही. बंजारा पेहरावातली एक बाई, तोंडावर ओढणी पूर्ण ओढलेली. मागे सिनेमातलं तसलंच गाणं वाजतं. गाण्यात जिथे नाचणारीने कंबर लचकवायची, तिथे ही वाकून कापूस वेचते. जिथे गिरकी घ्यायची, तिथे ही गाठोडं डोक्यावर चढवते. शेवटी अक्षरं येतात, "नाच झाला. आता भाकरी टाकायची आहे." हजारो लोकांनी ते बघितलं होतं. मला तर वाटत होतं, माझे सगळे लेख एकीकडे आणि हे अर्ध्या मिनिटाचं काम एकीकडे.

विलास शेजारच्याला म्हणाला, "ही कोन हाय एवढं कळू दे. समाजाची इज्जत काढून राहिली. तंगडं मोडून हातात देतो का न्हाई बघ."

आवाज चढवून नाही म्हणाला. हवापाण्याविषयी बोलावं तसं म्हणाला. गाण्यात कंबर लचकली तर त्याचा ताल चुकत नव्हता, आणि कापूस वेचला की इज्जत जात होती! हे त्याला तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही. मी फक्त मनात म्हटलं, बरं झालं, ती बाई कुठली कोण, इथून दूर असेल.

तांडा

धुरपताबाई पंचावन्नच्या आसपासच्या, ताठ, कमी बोलणाऱ्या. अंगावर साधी पाचवारी. तांड्यात आता एक-दोन फार म्हाताऱ्या बायकाच जुना पेहराव करतात, म्हणजे फेटिया हा घेरदार घागरा आणि कांचळी ही आरशांची, भरतकामाची चोळी. बाकी सगळ्या साड्यांत. घरापुढे अंगण सारवलेलं, भिंतीला कापसाची गाठोडी लावलेली. आधी पितळीत उकडलेल्या तुरीच्या शेंगा आल्या. आमच्याकडे हुरड्याचं कौतुक करतात, पण मीठ घालून उकडलेल्या या शेंगा फोडत बसलं की बोलणं आपोआप सुरू होतं.

दुपारी पंधराएक बायका आत जमल्या. वैशालीने माझा फोन त्यांच्या टीव्हीला जोडून दिला. आधी मी एका मालिकेचा तुकडा दाखवला. झोपतानाही दागिने न काढणारी सून बघून एक म्हणाली, "टोचत न्हाई का तिला?" मग ते जीपमधल्यासारखं नाचाचं गाणं दाखवलं. "ही आपल्यातली हाय म्हने!" म्हणून सगळ्या खिदळल्या. एकीने पदर तोंडात कोंबला. छान चाललं होतं.

इथे थांबायला हवं होतं. पण लिहिणाऱ्याची हाव वाईट. मला वाटलं, आता तो व्हिडिओ लावावा, या काय म्हणतात ते बघावं. तोंड झाकलेलं आहे, नाव नाही, कुणाचं काय बिघडणार?

मी लावला.

दहा सेकंदांत हसू थांबलं. मला वाटलं रंगल्या. बायका पडद्याकडे बघत होत्या, मग एकेकीने मान खाली घातली. अनिता कोपऱ्यात गॅसवर चहा करत होती. पंधरा बायकांपैकी एकीनेही तिच्याकडे बघितलं नाही. अगदी ठरवून बघितलं नाही. दूध उतू गेलं, जळका वास सुटला, तरी कुणी उठेना, आणि अनिताही हात लावेना.

धुरपताबाई उठल्या, टीव्हीजवळ गेल्या आणि पडद्यावरच्या बाईच्या बाहीवर त्यांनी बोटं ठेवली.

"परत लावा," त्या म्हणाल्या.

मी खूश! परत लावला. आणि वर उत्साहाने विचारलं, "ओळखीची वाटते का कुणाला?"

हे वाक्य मला आजही झोपेतून उठवतं.

तेवढ्यात दारात चपला काढल्याचा आवाज झाला आणि विलास आत आला. त्याची नजर सरळ टीव्हीवर. बायकांनी पदर सावरले. व्हिडिओ थांबवायचं बटण मला सापडेना.

"आरं वा, मॅडम बी हिलाच बघून राहिल्या," तो हसून म्हणाला. मग आईकडे वळला. "याडी, तू सांग. तुमा बायांना कपडा कळते. कोन आसंल ही?"

याडी म्हणजे आई. धुरपताबाईंची बोटं अजून पडद्यावरच होती.

"हिकडची न्हाई," त्या म्हणाल्या. "यवतमाळाच्या पल्याडची आसंल. टाका आपल्याकडला न्हाई."

"व्हय," मागून एक म्हातारी म्हणाली. ती स्वतः कांचळी घातलेली. "आपल्यात आसा टाका घालतच न्हाईत."

"न्हाईच घालत," तिसरी म्हणाली.

विलासने मान हलवली. "बराबर. आपल्याकडल्या बाया आसलं करनार न्हाईत." मग तो माझ्याकडे वळला. "मॅडम, तुमी शिकलेल्या. हिचा पत्ता काढता येते का? भेटला तर मला सांगा."

"नाही येत," मी म्हटलं. खरंच येत नव्हता, पण खोटं बोलल्यासारखी मी नजर चुकवली. तो चहा न घेताच गेला. आतापर्यंत मला काहीच कळलं नव्हतं. फक्त खोलीतल्या सगळ्या बायका श्वास धरून बसल्या आहेत आणि त्याचं कारण मी आहे, एवढं जाणवलं होतं.

तुरीच्या बांधावर

"चला, तूर दाखवते," म्हणून धुरपताबाईंनी मला घरामागे नेलं. तूर डोक्याच्या वर गेली होती. आत शिरल्यावर बाहेरून माणूस दिसत नव्हतं. तिथे त्या माझ्याकडे वळल्या.

"तुमच्यात तोंड झाकलं की मानूस झाकते. आमच्यात न्हाई झाकत," त्या म्हणाल्या. "टाका याडी शिकवते, पर हात ज्याचा त्याचा. दुरून बघून बाया सांगतात, ही अमकीची कांचळी, ही तमकीची. गड्यांना ते कळत न्हाई. त्यांनी कधी बघितलंच न्हाई."

"मग ती..."

"कांचळी माझी हाय. लगीन ठरलं तवा शिवली. पेटीत हाय, पेटीची किल्ली दिवसभर माझ्या कमरेला, आन्‌ रातच्याला किल्ली कुठं टांगते ते घरात एकीलाच ठाऊक हाय."

दूध उतू गेल्यावरही न हललेली अनिता माझ्या डोळ्यांसमोर आली. मी तिथेच बांधावर बसले. रडू आलं, ते लपवलंही नाही. मी म्हटलं, माझी चूक झाली, मला माहीत नव्हतं.

"तुमी शिकलेल्या, तुमाला कसं ठाऊक आसंल," त्या म्हणाल्या. टोमणा होता की समजूत, मला कळलं नाही.

मग त्यांनीच सांगितलं. लग्नानंतर त्या कांचळी-फेटिया घालून बाजाराला जात. एक दिवस स्टँडवर चार-पाच पोरांनी त्यांना घेरलं. तेव्हा असंच एक गाणं गाजत होतं. पोरं ते गाऊ लागली. एकाने ओढणी धरली. "नाच के दिखा, वैसाच नाच." लोक बघत होते, हसत होते. धुरपताबाईंनी घरी येऊन कांचळी पेटीत घातली आणि साडी नेसल्या. सासरी कारण कुणालाच सांगितलं नाही.

"शिणेमातल्या बाईनं नाचून आमचा कपडा नासवला," त्या म्हणाल्या. "आन्‌ ह्या पोरीनं त्योच कपडा, तसलंच गानं घेतलं, आन्‌ कापूस येचला. पयल्यांदा दिसलं तवा मला राग आला. चोरी केली म्हून. दुसऱ्यांदा लावायला सांगितलं ते मला माझा टाका बघायचा व्हता."

"आता काय होईल?"

"ते मला काय ठाऊक? पंधरा जनी व्हत्या. पंधरा तोंडं. माझं मी बांधून ठेवीन, बाकीच्यांचं काय? एक जरी घरी बोलली तर माझाच लेक..."

निघताना अनिताने माझी पिशवी आणून दिली. बावीस-तेवीसची असेल. तिची बोटं बर्फासारखी गार होती. ती एवढंच म्हणाली, "मॅडम, परत कुठं लावू नका." मी हो म्हटलं. माफीही मागता आली नाही, कारण अंगणात विलास जीप चालू करून उभा होता.

परतीला तीच जीप, तेच गाणं. वैशाली आणि मी पुढे. मी पिशवीत हात घालून, न बघता, फोनमधले ते सगळे व्हिडिओ पुसायचा प्रयत्न करत होते. विलास म्हणाला, "मॅडम घाबरून राहिल्या का? थोडे खड्डे हायत, बाकी तकलीफ न्हाई." मी हसले. इतकं खोटं मी आयुष्यात हसले नव्हते.

सांगली

घरी आल्यावर मी दररोज सकाळी उठून पहिल्यांदा तेच बघायची, नवीन व्हिडिओ आला का. नाही. एक आठवडा गेला, दोन गेले. वैशालीला विचारलं की ती म्हणायची, "मॅडम, कळत नाही हो. धुरपताबाई गटाच्या बैठकीला येतात, पण बोलत नाहीत. अनिता दिसली नाही." दिसली नाही म्हणजे काय? मी घरात पायऱ्या मोजल्यासारख्या फेऱ्या घालायची. यांनी विचारलं, साप की दोरी? तिथे जे काही होतं त्याला मीच डिवचलं होतं.

सहाव्या आठवड्यात व्हिडिओ आला.

तीच ओढणी, तसंच गाणं. कापूस संपला होता, आता हरभरा. बाई वाकली, उठली, आणि पहिल्यांदाच काम थांबवून सरळ कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. मी फोन डोळ्यांपाशी नेला. कांचळी नवी होती. म्हणजे जुन्या तुकड्यांची नवी. एक तुकडा एका हाताचा, शेजारचा दुसऱ्याच हाताचा. बाह्यांवर वेगळे, गळ्याशी वेगळे. मला टाका वाचता येत नाही, पण ते सगळे एकीचे नाहीत हे माझ्यासारख्या आंधळीलाही कळत होतं. त्या दुपारच्या बायकांनी आपापल्या पेट्या उघडल्या होत्या.

मी तुकडे मोजायला लागले आणि सातावर थांबले. मोजून पुन्हा मी वहीतच लिहिणार होते ना?

खाली पहिल्या दहा प्रतिक्रियांत विलासची होती. तीच, तंगडं मोडण्याची. ती वाचून मी फोन पालथा ठेवला. भीती गेली असं मी म्हणणार नाही. आता त्याने कुणाला विचारलंच, तर घरोघरी विचारावं लागेल, आणि घरोघरी तेच उत्तर मिळेल, एवढाच काय तो आधार.

मी हे लिहू का, म्हणून वैशालीकडून धुरपताबाईंना विचारलं. चार दिवसांनी त्यांचा निरोप आला. "लिवा. आसे तांडे लई हायत. आमची पोरगी बरी हाय. पर बाईंना म्हनावं, टाका लिवू नका."

म्हणून लिहिलेला नाही.